आवाज कटत नव्हता

आमच्या घरात फोन लागत नाही, हे मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. कारध्याला आमच्या घरी मुलगी पाहायला आलेला माझा होणारा नवरा पोह्यांची बशी हातात धरून म्हणाला होता, "शेती हाये, घर हाये, सारं बरोबर हाये. पण घरात टावर नाही येत. फोन कराले पारीवर जा लागते." पार म्हणजे गावतलावाचा बांध. पहिल्याच भेटीत एवढं खरं बोलणारा माणूस मला आवडला. फोन न लागल्यानं त्या घरात काय झाकलं जातंय, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

सासर करडी गावाच्या बाजूचं. घर गावाच्या खालच्या अंगाला, पारीच्या अगदी पायथ्याशी. मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि माकडं कवेलू फोडतात म्हणून पुढच्या दोन खोल्यांवर टिनाचे पत्रे. उन्हाळ्यात आत गार वाटायचं, पण फोन दारातून आत आणला की त्याच्यावरच्या रेघा एकेक करून नाहीशा व्हायच्या. चुलीपर्यंत पोचेस्तोवर एकही उरायची नाही. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, पाण्याच्या टाकीजवळच्या कुंपणभिंतीवर फोन ठेवला तर एखादी रेघ यायची. ती जागा घरानं ठरवून टाकली होती.

घरात आम्ही तिघंच. मी, माझा नवरा आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला मामीजी आणि सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. धाकटे दीर, आमचे भाऊजी, पुण्याला नोकरीला. ते दर रविवारी सकाळी फोन करायचे. मामीजी हातातलं काम टाकून टाकीजवळ जायच्या, फोन कानाला लावायच्या आणि मोठ्यानं बोलायच्या.

"हो रे बाबू. बरी हाये. तू जेवला काय? ... हो ... हो ... धान बरे हायेत." मग जरा वेळानं, "कटून राहिला बापा. ठेवते मी."

फोन आमच्या हातात देऊन त्या आत यायच्या आणि सांगायच्या, "बाबूचं बरं हाये. सर्दी झालती म्हने." आम्ही मान हलवायचो. आई आणि लेकाच्या बोलण्यात कान घालायचा नाही म्हणून मी त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे जायची. नेटवर्क तुटतं हे तर जगजाहीर होतं. आमचंही तुटायचं.

मामीजी बोलायला कमी. गावात त्यांचं नाव होतं की बाई शांत आहे, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. मला मात्र ती शांतता माझ्यासाठीच ठेवल्यासारखी वाटायची. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाही. भाजी कोणती करू, विचारलं तर उत्तर नाही. समोर जाऊन उभी राहिले की मात्र चेहरा हसरा, "काय वो?" शेजारणी म्हणायच्या, सासू आहे, थोडं मनावर घेऊ नको. मी नाही घेतलं. चार वर्षांपूर्वीपर्यंत नाही घेतलं.

चार वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, मी न्हाणीत घसरून पडले. उजवा हात खाली आला आणि मनगटातून अशी काही कळ उठली की डोळ्यांपुढे अंधारी आली. उठता येईना. नवरा बांधीत, धानाच्या शेतात होता. मामीजी अंगणात, माझ्यापासून दहा पावलांवर, पाठमोऱ्या बसून सुपात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. न्हाणीच्या दाराच्या फटीतून त्यांची पाठ मला दिसत होती. मी हाक मारली. "मामीजी!" मग ओरडले. "मामीजी, पडली वो मी!" सूप तसंच वर-खाली होत राहिलं. मी किती वेळा ओरडले ते आठवत नाही. शेवटी डाव्या हातानं भिंत धरून उठले, ओल्या लुगड्यानिशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं, माझा लोंबता हात पाहिला, आणि सूप फेकून उठल्या. "अगं माय! काय झालं वो? कवा पडली?"

मला ते नाटक वाटलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण त्या दिवसापासून मी कामापुरतंच बोलू लागले. नवऱ्यालाही नेमकं कारण सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? तुझी आई माझी हाक ऐकून बसून राहिली?

त्यानंतर अडीच वर्षांनी भाऊजींच्या लग्नाची गोष्ट झाली. सिहोऱ्याची मुलगी होती. घरंदाज माणसं, धानाचा व्यापार. भाऊजी दिवाळीला आले तेव्हा मुलगी पाहून गेले आणि विचार करून सांगतो म्हणाले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मामीजी टाकीजवळ खूप वेळ फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. त्या दिवशी त्या 'कटून राहिला' असंही म्हणाल्या नाहीत. आत आल्या तेव्हा चेहरा उजळला होता.

"बाबू हो म्हनला."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा सिहोऱ्याला जाऊन शब्द देऊन आला. त्यांनी साखर वाटली. तिसऱ्या दिवशी पुण्याहून भाऊजींचा फोन आला. कोणा चुलत भावानं त्यांना अभिनंदनाचा मेसेज केला होता. मी पारीवर होते, फोन माझ्याच हातात होता. एवढे शांत भाऊजी, पण कशा आहात हेही न विचारता थेट बोलले.

"वहिनी, मी नाही म्हणालो होतो. अर्धा तास समजावून सांगितलं मी आईला."

घरी येऊन मामीजींना विचारलं. त्यांनी ठाम सांगितलं, हो म्हनला. माझ्या नवऱ्यानं आवाज चढवला, तरी तेच. भाऊजींनी धरून ठेवलं की आई लग्न लावण्यासाठी खोटं बोलली. सिहोऱ्याला जाऊन नकार सांगायची वेळ नवऱ्यावर आली. तो तिथून आला तेव्हा जेवला नाही. भाऊजींचे रविवारचे फोन बंद झाले. दीड वर्ष ते घरी आले नाहीत. भावाला मेसेज करायचे, तेवढंच.

मी मामीजींची बाजू घेतली नाही. खरं सांगते, मला आत कुठेतरी बरंच वाटलं. ही बाई कशी आहे हे आता सगळ्यांना कळलं, असं वाटलं.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण ज्या यंत्रामुळे हे सगळं उघड झालं, ते घरात माझ्या कामामुळेच आलं. मी ऐकून लिहिते. नागपूरची एक कंपनी रेकॉर्ड केलेली भाषणं, मुलाखती, बैठका पाठवते. मी कानाला हेडफोन लावून ते ऐकते आणि शब्दन् शब्द टाइप करून परत पाठवते. ज्या ठिकाणी बोलणं कळत नाही तिथं 'अस्पष्ट' असं लिहायचं असतं. माझ्या कागदांत अस्पष्ट फार कमी यायचं, माझे कान चांगले आहेत, असं कंपनीतली बाई म्हणायची. सकाळी पारीवर लॅपटॉप घेऊन जायचं, पळसाखाली बसून दिवसाचं काम उतरवून घ्यायचं, घरी येऊन टाइप करायचं, संध्याकाळी पुन्हा पारीवर जाऊन पाठवायचं. म्हशी चारणारे विचारायचे, "काय बाई, सिनेमा पाहून राहिली काय?" पण यंदा कंपनीनं पद्धत बदलली. सगळं काम इंटरनेट चालू ठेवूनच करायचं. दिवसभर पारीवर बसणं शक्य नव्हतं. एक तर काम सोडायचं, नाही तर इंटरनेट घरात आणायचं.

भंडाऱ्याला एका दुकानदाराला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडे नेटवर्क नाही असं नाही. ते तुमच्या भिंतीपर्यंत येते. भिंत त्याले आत येऊ देत नाही. मंग फोन आत घेऊन त्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, सिमवालं यंत्रच बाहेर टांगा. ते बाहेर नेटवर्क घेईल, अन् वायरीनं आत पाठवील."

मला आधी खरं वाटलं नाही. त्यानं खोक्यातून काढून दाखवलं. पांढरा, वहीएवढा डबा, चहूबाजूंनी बंद, पाऊस-ऊन सोसणारा. त्यालाच राउटर म्हणतात, फक्त हा घराबाहेर राहणारा. त्याच्या पोटात सिमकार्ड. खाली एकच वायर; त्याच वायरीनं त्याला वीज मिळते आणि त्याच वायरीनं इंटरनेट घरात उतरतं. घरात दुसरा एक छोटा डबा, तो सगळ्या खोल्यांत वायफाय देतो.

एका शनिवारी दुकानाचे दोघं जण आले. एक शिडीवरून वर गेला, मागच्या भिंतीला लोखंडी पाइप बांधला, तो पारीपेक्षा उंच जाईल असा. डबा पाइपवर कसला आणि थोडा थोडा फिरवत राहिला. दुसरा खाली फोनकडे बघत सांगत होता, "आणखी डावीकडे. आणखी. गेला, गेला... परत ये. हां, थांब!" त्या जागी पेच आवळला. वायर कवेलूंखालून आत घेण्याआधी तिला बाहेरच खाली एक वळसा दिला, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता वळशावरच गळून पडतं. पाइपवर आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून वेगळी तार गाडली. मी सगळं पाहत होते. एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं आम्ही पारीवर का चढत होतो, याचं मला नवल वाटत होतं.

खालच्या माणसानं धुळीमुळे दुपट्टा तोंडाला गुंडाळला होता. त्यानं पुढच्या छपरीत, म्हणजे पडवीत, बसलेल्या मामीजींना विचारलं, "आजी, लाइटचं बटन कुठं हाये?" मामीजी उठल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तो प्यायला. पुन्हा विचारलं, "बटन, आजी, बटन?" मामीजी आत गेल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. वरचा माणूस शिडीवर हसला. मीही हसले.

रविवारी माझ्या नवऱ्यानं भावाला मेसेज केला, "घरातून व्हिडिओ लागून राहिला. एकदा पाहा तर. माह्यासाठी." दहा वाजता लॅपटॉप वाजला. छपरीत टेबलावर लॅपटॉप, समोर खुर्चीत मामीजी, मागे आम्ही दोघं. भाऊजींचा चेहरा आला. ते खिडकीकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे तोंडावर काळोखी होती, पण आवाज असा आला की ते शेजारच्या खोलीतूनच बोलताहेत. मी इतकी वर्षं त्यांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी ऐकलेला. माझ्या अंगावर काटा आला.

"आई," ते म्हणाले. दीड वर्षानंतरचं पहिलं 'आई'. "गुडघा कसा आहे?"

मामीजी हसल्या. "हो बापा. धान झाले औंदा चांगले."

भाऊजी थांबले. "गुडघा, आई. गुडघा दुखतो का अजून?"

"जेवली ना मी. तू जेवला काय?"

माझ्या नवऱ्यानं सवयीनं फोनवर रेघा बघितल्यासारखं लॅपटॉपकडे पाहिलं. चित्र थांबलं नव्हतं. भाऊजींच्या मागे भिंतीवर पंखा फिरत होता, एकसारखा. रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्नसुद्धा आम्हाला ऐकू आला.

"आई, मी काय विचारलं तुला?" भाऊजी सावकाश म्हणाले.

मामीजी आमच्याकडे वळल्या. तोच नेहमीचा हसरा चेहरा. म्हणाल्या, "कटून राहिला."

कटत नव्हता. माझ्या नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. पडद्यावर भाऊजी पुढे झुकले होते, आणि मामीजी एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. फक्त तोंडाकडे. डोळ्यांकडे नाही. त्या नेहमी असंच पाहतात, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं.

मी माझे कामाचे हेडफोन आणले, लॅपटॉपला जोडले, मामीजींच्या कानांवर बसवले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. एवढा, की हातभर अंतरावरून मलाही भाऊजी ऐकू येत होते.

"आई? ऐकू येतंय का?"

मामीजी दचकल्या. दोन्ही हात हेडफोनवर गेले. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"हा कोनाचा आवाज होय?"

मी बोटानं पडद्यावर भाऊजी दाखवले. त्यांनी मान हलवली. "नाई, नाई. हा तं तुह्या मामाजीचा आवाज हाये."

माझा नवरा भिंतीला टेकला. भाऊजींचा आवाज हुबेहूब वडिलांसारखा आहे, असं सगळे नातेवाईक म्हणायचे. नवरा मला नंतर म्हणाला, "सारेच म्हनत. आई कधीच नाही म्हनली. मले वाटे, बाबाची आठवन येते म्हून म्हनत नसन." म्हणजे भाऊजी पुण्याला गेल्यापासून दर रविवारी ती बाई भिंतीपाशी उभी राहून जे ऐकत होती, त्यात तिला लेकाचा आवाज ओळखूसुद्धा येत नव्हता.

"दादा," पडद्यावरून भाऊजी म्हणाले. पुण्याची भाषा सुटली होती. "दादा, आईले आयकू नाई येत काय?"

मामीजींनी हेडफोन काढले, टेबलावर नीट ठेवले आणि म्हणाल्या, "मी बहिरी नाई." आणि सांदवाडीत निघून गेल्या.

मी मागे गेले. त्या टाकीजवळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. दहा पावलांवरून मी हाक मारली, "मामीजी." मग मोठ्यानं. मग ओरडले. शेजारच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली. मामीजींची पाठ हलली नाही.

मी तिथंच, वांग्याच्या वाफ्याच्या कडेला बसले. त्या दिवशी सूप वर-खाली होत होतं, आणि मी आत ओरडत होते, आणि ही अशीच पाठ होती. चार वर्षं मी या पाठीवर राग धरला होता. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांचं पुटपुटणंसुद्धा नेमकं उतरवून घेणारी मी. एका घरात राहून मला कळलं नाही.

मी उठून त्यांच्यासमोर गेले. सावकाश, ओठ नीट हलवत विचारलं, "किती दिवसांपासून?"

त्यांनी टाकीच्या कडेला हात टेकला. मग म्हणाल्या, "रोवणीत बाया गाने म्हनत. एका वर्षी मले फक्त त्यायचे तोंडं हालताना दिसू लागले. मले वाटलं, आजकालच्या बाया हळू म्हनतात. मंग समजलं."

"सांगितलं काहून नाही कोणाला?"

"माही सासू बहिरी होती," मामीजी म्हणाल्या. "तिच्याशी कोनी बोलत नसे. काम असलं तं ओरडत. सारे ओरडत. मीच गंज ओरडली तिच्यावर." मग त्यांनी लुगड्याचा पदर हाताशी घेतला, सोडला. "अन् नेटवर्क होतंच ना. सारेच म्हनत कटून राहिलं. मी बी म्हनो."

भाऊजी त्याच आठवड्यात आले. नागपूरपर्यंत गाडीनं, तिथून बसनं. आल्या आल्या आईसमोर जमिनीवर बसले, उजेड तोंडावर येईल असे. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. विचारलं, "आई, त्या रविवारी, लग्नाच्या गोष्टीत, तुले काय आयकू आलं होतं?"

"आवाज आला. बोल नाई आले."

"मंग हो म्हनला असं काहून सांगितलं?"

मामीजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "तू गंज वेळ बोलत होता. नाई म्हनाले येवढा वेळ कोन लावते? नाई तं एका शब्दाचं असते."

भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आईला वाईट वाटू नये म्हणून ते त्या दिवशी अर्धा तास समजावत होते. नोकरी पक्की नाही, मुलीत काही कमी नाही, तू मनाला लावून घेऊ नको. त्यांनी जेवढं हळुवार सांगितलं, तेवढं तिला ते हो वाटत गेलं. मामीजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि माझ्याकडे बघून विचारत होत्या, "काय म्हनला तो? मी काही चुकीचं बोलली काय?"

भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर यंत्र, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं. आम्ही काचेबाहेर. तपासणाऱ्या मुलीचं बोट मशीनवर पुढे पुढे सरकत होतं, ती आवाज वाढवत होती, आणि मामीजींचा अंगठा बटणावर तसाच होता. हलत नव्हता. त्या आमच्याकडे पाहून हसल्या. मग काचेआडून मोठ्यानं म्हणाल्या, "चालू कवा होनार हाये?"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, हे एक-दोन वर्षांचं नाही. मग माझ्याकडे बघून, तसं चिडून नाही, नुसतंच विचारलं, "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही? तुम्ही काय करता?"

"टायपिंग," मी म्हणाले. बाकीचं सांगायचा धीर झाला नाही.

कानाचं मशीन आलं. मला वाटलं होतं, आता सगळं ठीक होईल. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी भांडं पडलं तर त्या थरथरल्या. माझं टायपिंग ऐकून म्हणाल्या, "पाली येवढ्या कायले चुकचुकून राहिल्या?" पत्र्यावरच्या माकडांचा धिंगाणा ऐकून त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं आणि दोन दिवस लावलंच नाही. मग पुन्हा लावलं. मी आता सवयीनं ओरडून बोलायला लागले होते, तर एके दिवशी म्हणाल्या, "आयकू येते मले. ओरडतेस कायले?" मला रडू आलं.

त्याच दिवशी मी न्हाणीची गोष्ट काढली. समोर बसून सांगितलं, की मी हाक मारली होती, तुम्ही ऐकली नाही, आणि मी चार वर्षं ते मनात धरून होते. मला वाटलं, त्या म्हणतील, मले काय मालूम.

त्या म्हणाल्या, "मले मालूम होतं."

मी आणखी जवळ सरकले.

"तू समोर आली तं तुह्या तोंडावर दुखनं कमी, राग जास्त होता. मले तवाच समजलं, हिनं हाक मारली असन. गंज डाव मनात आलं, सांगून टाकावं. मंग वाटे, सांगितलं तं बहिरी म्हनून बसवून ठेवतील." त्यांनी बोटानं मशीन कानात नीट बसवलं. "त्यापेक्षा तू मले वाईट समजशील तं समज, म्हटलं."

माणूस बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं पसंत करतो, आणि तेही रोज, माझ्यासमोर भाकरी थापताना.

भाऊजी पुण्याला परत गेले. रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. आता छपरीत, लॅपटॉपवर, तोंडावर उजेड घेऊन. पण मामीजींच्या मनातून एक गोष्ट जाईना. एके सकाळी म्हणाल्या, "मले सिहोऱ्याले घेऊन चाल." मी म्हटलं, आता काय उपयोग, त्या मुलीचं लग्न होऊन गेलं. "मले जायचं हाये," त्या म्हणाल्या.

गेलो. मुलीच्या आईनं दारात पाहिलं आणि क्षणभर आत या म्हणाली नाही. मग म्हणाली. बसल्यावर मामीजींनी कानातलं मशीन काढून तळहातावर धरलं. "हे पाहा. हे नव्हतं तवाची गोष्ट हाये. माह्या लेकानं नाई म्हटलं होतं. मले आयकू नाई आलं. चूक माही होती, त्याची नाई." आणि मशीन पुन्हा कानात बसवलं.

मुलीची आई मशीनकडे पाहत होती. मग एकदम बोलायला लागली. की शब्द देऊन मोडला, तर गावानं पोरीतच काहीतरी खोट काढली. की पोरगी कित्येक महिने बाहेर निघाली नाही. की तिच्या बापानं तोंड दाखवायला नको म्हणून बाजारात जाणं बंद केलं. ती काहीच लपवत नव्हती, आणि आवाज अजिबात हळू नव्हता. मामीजी सगळं ऐकत होत्या. या वेळी त्यांची नजर तिच्या तोंडावर नव्हती, डोळ्यांवर होती. मला वाटलं, म्हणावं, मशीन काढून ठेवा मामीजी. पण त्यांनी काढलं नाही.

चहा आला. निघताना मुलीच्या आईनं आपला फोन पुढे केला. "लेकीशी बोलता काय? तिलेच सांगा."

मामीजींनी फोन घेतला आणि अंगणात गेल्या. मी दारातच थांबले. पलीकडून ती मुलगी काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मामीजींनी आधी आपलं सांगितलं, तेच, थोडक्यात. मग त्या नुसत्या ऐकत राहिल्या. किती तरी वेळ. हो नाही, हूं नाही. त्यांचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "आयकलं माय. सारं आयकलं," आणि फोन परत दिला.

बसमध्ये मी विचारलं, काय म्हणाली ती?

मामीजींनी खिडकीबाहेर कापणी झालेल्या बांध्यांकडे बघत मान हलवली. "ते तिचं अन् माहं हाये," म्हणाल्या.